गाजरांना पाणी

शनिवारची उन्हं कलली की सरुबाईच्या कमरेत आपोआप कळ यायची. वार तिच्या आधी कमरेला कळत होता. फाटकात टेम्पो येऊन थांबला की ती ओसरीवरनं उठायची, पदर खोचायची आणि खुरपं शोधायला लागायची. खुरपं नेहमीच्या जागीच असायचं. पण शोधण्यात थोडा वेळ जायचा, आणि तेवढंच बसल्यासारखं व्हायचं.

टेम्पोतनं गाजरं यायची. मार्केट यार्डातनं घेतलेली, पाल्यासकट, जुड्या बांधलेली, लालबुंद. ही गाजरं तिनं शेतात पुरायची. उद्या रविवार. उद्या शहरातली पोरं बस भरून यायची, मातीत हात घालायची, पाला धरून ओढायची आणि गाजर हातात आलं की आनंदानं नाचायची. मग तिथंच नळावर धुऊन कचाकचा खायची. आया फोटो काढायच्या आणि जाताना पिशव्या भरून भाजी न्यायच्या. घरी भाजीचं ताट बघून तोंड फिरवणारं पोर इथं कच्चं गाजर खातं, ह्या एका गोष्टीवर सगळा धंदा उभा होता.

धंदा सुनेचा. वैष्णवी शेतकी कॉलेजात शिकलेली, हुशार, आणि एका जागी बसणं ठाऊक नसलेली. तिनंच नाव ठेवलं, 'भाजीआजीचा मळा'. भाजीआजी म्हणजे सरुबाई. फाटकावरच्या बोर्डावर तिचं चित्र होतं. चित्रातल्या सरुबाईच्या नाकात नथ होती आणि तोंडात सगळे दात होते.

मळा म्हणजे तरी काय, घरामागं उरलेला एक तुकडा. हिंजवडीच्या अंगाची ही सगळी जमीन एके काळी ज्वारीची. मग कंपन्या आल्या, बिल्डर आले, आणि भावकीतल्या सगळ्यांनी एकामागून एक जमिनी दिल्या. सरुबाईच्या घरानंही दिल्या. बंगला झाला, दारात गाड्या आल्या. खायची ददात नव्हती, उलट खायला माणसंच कमी पडत होती. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. दुपारी काचांवरचं ऊन परतून वाफ्यात पडायचं, म्हणून तिथल्या मिरचीला दोन-दोन सूर्य सोसावे लागत.

सरुबाईचा मुलगा रणजित ह्याचं म्हणणं साधं होतं. "आई, खाली फरशी टाकू आणि कंपनीच्या बस लावायला देऊ. बसला खत लागत न्हाई, पाणी लागत न्हाई, आन् रविवारी ती उपटायला पोरं येत न्हाईत."

वैष्णवी म्हणायची, "सगळं गाव बसखाली गेलंय. एवढं तरी राहू दे."

दिवाळीत दोघांचं फार झालं, जेवणं ताटात राहिली, तेव्हा सरुबाईनंच निवाडा केला. वैष्णवीची एका बालवाडीशी बोलणी चालली होती. साधी बालवाडी नव्हे, पुणेभर शाखा असलेली. त्यांनी होकार दिला तर सगळ्या शाखांतली पोरं आळीपाळीनं मळ्यावर येणार होती. सरुबाई म्हणाली, "शाळेचं जमलं तर मळा ऱ्हाईल. न्हाई जमलं तर संक्रांतीनंतर बस लाव. आता गप जेवा."

तेव्हा बोलून गेली खरी. पण शाळेचं जमलं तर रोज गाजरं कोण पुरणार, हे नंतर तिच्या ध्यानात आलं.

पहिल्या वर्षी गाजरं पुरावी लागली नव्हती. सासूसुनांनी बी पेरलं होतं, विरळणी केली होती, राखण केली होती. गाजर यायला तीन महिने लागले. पोरांची पहिली बस आली आणि चहा उकळायच्या आत वाफे मोकळे झाले. पुढच्या रविवारच्या बसला शब्द दिलेला होता. रिकाम्या वाफ्यात वैष्णवी डोक्याला हात लावून बसली, तेव्हा सरुबाईच म्हणाली होती, "यार्डातनं आण. पुरू." एका रविवारची सोय म्हणून केलं आणि त्याचा रिवाज झाला. पुढं टोमॅटोही दोऱ्यानं झाडाला बांधायला लागले. रणजित येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडं पीक टेम्पोतनं येतं आन् मग शेतात जातं."

त्या शनिवारी गाजरं नेहमीपेक्षा जास्त होती. कारण उद्या बालवाडीच्या बाई येणार होत्या. शेफाली त्यांचं नाव. पोरं खातात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

वैष्णवी पुढं भोकं पाडत होती आणि सरुबाई मागनं गाजर उभं धरून माती लोटत होती.

"आई, जास्त दाबू नका. मागच्या वेळी पाला पोराच्या हातात आला आणि गाजर खालीच राहिलं."

"मग काय झालं?"

"पोर रडलं. आईनं पैसे परत मागितले."

"गाजराचे की रडण्याचे?"

वैष्णवी हसली, पण हसणं अर्ध्यात सुटलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "उद्याचा एवढा दिवस निघू दे आई. मग बायका ठेवू कामाला. तुम्ही फक्त आजी म्हणून बसायचं."

"बसायचं म्हणतीस," सरुबाई माती लोटत म्हणाली. "बसू दिलंय का कुणी कधी?"

ओसरीवरनं रणजितचा आवाज आला, "गाजराची पुंगी हाय, वाजली तर वाजली, न्हाई तर मोडून खाऊ."

"तू येऊन दोन जुड्या पुर, मग म्हणी सांग," सरुबाई म्हणाली. रणजित आला नाही.

रात्री तिला झोप लागली ती दगडासारखी, आणि सकाळी उठली तीही दगडासारखीच. थंडी होती. अंगावर शाल घेऊन ती परसात आली. इमारतींच्या काचा अजून काळ्याच होत्या. तिनं मळ्याकडं पाहिलं. काल पुरलेल्या गाजरांच्या पाल्यानं माना टाकल्या होत्या. वाफे कोरडेठाक दिसत होते.

त्यानंतर तिनं काय विचार केला, असं कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. विचार केलाच नाही. माना टाकलेला पाला आणि कोरडा वाफा दिसला की पाय मोटरीकडं वळतात, ते तसे वळले. तिनं खटका दाबला. बोअरचं पाणी आधी खाकरलं, मग पाटात पडलं. तिनं साडी वर खोचली, खोरं घेतलं आणि दारं धरायला लागली. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी कडेपर्यंत गेलं की बुजवायचं, पुढचं फोडायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे करत होती. नवरा होता तोवर तो मोटरीपाशी आणि ही वाफ्यात. गार पाणी घोट्यांवरनं गेलं तसा कमरेतला काटा सैल झाला. आठवड्यात पहिल्यांदा तिला दमल्यासारखं वाटत नव्हतं. मातीचा वास आला. एक बगळा आला आणि तिच्या मागं मागं चालायला लागला. तिला वाटलं, आज दिवस बरा जाईल.

"आई."

वैष्णवी बांधावर उभी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला, हातात मोबाईल. ती ओरडली नाही. नुसती बघत राहिली. मग सरुबाईनंही मागं वळून पाहिलं.

भुसभुशीत मातीत कसंबसं उभं केलेलं गाजर पाण्यापुढं किती टिकणार. माती वाहून गेली होती. गाजरं उघडी पडली होती, काही तिरकी, काही पार आडवी, धुऊन निघालेली, चिखलात लाल लाल चमकणारी. आठवडे बाजारात कुणाची पाटी लवंडावी तसं दिसत होतं.

"मोटर बंद करा," वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "आई, ती यार्डातली गाजरं आहेत."

"व्हय," सरुबाई म्हणाली. हातातलं खोरं तिला आता जड लागायला लागलं.

परत पुरायला वेळ नव्हता, आणि चिखलात काही उभं राहिलंही नसतं. वैष्णवी धावत कपडे बदलायला गेली. सरुबाई नथ शोधायला गेली.

बस आली. पोरं उतरली. रंगीत टोप्या, पाठीवर पाण्याच्या बाटल्या. मागनं आया उतरल्या. त्यांत नम्रताही होती. ही हिंजवडीतच कंपनीत कामाला, आणि तिची मुलगी साई दर रविवारी मळ्यावर यायची. साई घरी काहीच खात नसे, हे नम्रतानं इतक्यांदा सांगितलं होतं की सरुबाईला ते पाठ झालं होतं. सगळ्यांत शेवटी पांढरी गाडी आली आणि शेफालीबाई उतरल्या. तरुण होत्या. पायातले बूट पांढरेशुभ्र होते आणि त्यांनी चिखलाकडं पाहून एक श्वास घेतला.

"सॉरी हं, मला उशीर झाला. चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमधून येते आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही करा सुरू. मी फक्त ऑब्झर्व्ह करणार."

पोरं वाफ्याच्या कडेला रांगेनं उभी राहिली. दर वेळी वैष्णवी इथं विचारायची, 'मातीच्या पोटात काय लपलंय?' आज तिनं विचारलं नाही. काहीच लपलेलं नव्हतं.

"ही तर पडलीयेत," एक मुलगा म्हणाला.

"कुणी पाडली?"

"सगळी पडलीयेत."

"घ्या उचलून," वैष्णवी हसरं तोंड करून म्हणाली. "नळावर धुवा आणि खा. किती ताजी आहेत बघा."

कुणी हात लावला नाही. एका मुलीनं हात पाठीमागं बांधले आणि अगदी समजूतदारपणानं सांगितलं, "खाली पडलेलं खायचं नसतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. घरी, शाळेत, सगळीकडं त्यांना हेच शिकवलेलं होतं, आणि ती चांगल्या घरची पोरं होती.

"अगं पण गाजर मातीतच असतं ना," नम्रता म्हणाली. "साई, यू लव्ह कॅरट्स. मागच्या संडेला तीन खाल्लीस."

"ते मी काढलं होतं," साई म्हणाली. "हे कुणीतरी पाडलंय."

शेफालीबाईंनी मोबाईलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. वैष्णवीनं सरुबाईकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर सरुबाईला सोसला असता. राग नव्हता. पुढं काय करायचं ते संपलं होतं, एवढंच होतं.

सरुबाई वाफ्यात उतरली. तिला काही सुचलं होतं असं नाही. उघडं पडलेलं दिसलं की झाकायचं, एवढंच. ती उकिडवी बसली, एक गाजर उचललं आणि चिखलात उभं रोवलं.

"पाण्यानं उघडी पडली रं," ती म्हणाली. "थंडीची उघडीच ऱ्हायली. झाका पटापटा."

मग साईनं बूट काढले. तिच्या मागनं सगळ्यांनी काढले. पोरं चिखलात शिरली ती शिरलीच. कुणी भोक पाडत होतं, कुणी गाजर उलटं रोवत होतं आणि दुसरं कुणी ते सरळ करत होतं. दोघांनी मिळून एका गाजराभोवती किल्ला केला. उपटताना एका मिनिटात संपणारा खेळ आज संपेना. आयांनी आधी कपड्यांची काळजी केली, मग नाद सोडला आणि फोटो काढले.

सगळी गाजरं रोवून झाली. वैष्णवीच्या जिवात जीव आला. ती पुढं होऊन म्हणाली, "छान. आता प्रत्येकानं एक-एक उपटायचं आणि खायचं."

पोरं तिच्याकडं अशी पाहायला लागली जशी ती काही भलतंच बोलली होती.

"आत्ताच लावलंय," किल्लेवाला मुलगा म्हणाला.

"मोठं व्हायचंय अजून," साई म्हणाली आणि आपल्या गाजराच्या आड उभी राहिली.

त्या दिवशी मळ्यात एकाही पोरानं काही खाल्लं नाही. नळावर पाय धुतले, बसमध्ये बसली आणि खिडकीतनं वाफ्यांना टाटा करत निघून गेली.

शेफालीबाई ओसरीवर बसल्या. त्यांचे बूट आता कुठल्याच रंगाचे राहिले नव्हते. सरुबाईनं चहा दिला. वैष्णवी खुर्चीच्या कडेला बसली, उठायच्या तयारीत असल्यासारखी.

"हे बघा," वैष्णवी म्हणाली, "आज जरा गडबड झाली. एरवी मुलं भरपूर खातात. तुम्ही नम्रताला विचारा."

"विचारलं मी." शेफालीबाईंनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही ती बाहेरून आणता ना?"

वैष्णवी खुर्चीवरनं अर्धी उठली.

"घाबरू नका हो. एका गाजराला रबर बँड तसाच होता," शेफालीबाई म्हणाल्या. "सगळेच आणतात. मी ह्या महिन्यात चार जागा पाहिल्या. एका ठिकाणी तर सफरचंदं आंब्याला बांधली होती. मुलांना काय, हातानं काढलेलं खायचं असतं. आम्हालाही तेच हवं आहे. माझ्या शाखेत डबे उघडले की नुसती बिस्किटं निघतात. मी दिवसभर पालकांना तेच तेच सांगून दमते, आणि संध्याकाळी घरी जाऊन माझ्या मुलाला नूडल्स देते. तेव्हा गाजर यार्डातलं का असेना, ते खाल्लं जाऊ दे."

सरुबाईला ही बाई आवडली. दमलेलं माणूस तिला लांबनं ओळखू यायचं.

"मग?" वैष्णवीनं विचारलं.

"मग करू आपण. पण माती नको. आमची मुलं अशी चिखलात भरली, तर त्याच दिवशी पालकांचे फोन येतील मला. खोके लावा, नारळाच्या भुश्शाचे, कमरेइतक्या उंचीवर. त्यात धुतलेली गाजरं खोचायची. पाणी-बिणी काही नाही. सोमवार ते शनिवार रोज एक शाखा, रविवार तुमचा तुम्हाला. आणि आजी मात्र रोज हव्यात. आजी म्हणजे ह्याचा यूएसपी आहे."

"म्हंजे काय?" सरुबाईनं विचारलं.

"म्हणजे तुमच्यामुळे मुलं येतात."

वैष्णवीनं मान वळवली. ती सासूकडं बघत होती. सरुबाईनं मळ्याकडं पाहिलं. उलटीसुलटी रोवलेली गाजरं चिखलात उभी होती. ती डोळ्यांपुढं रोजची सकाळ आणून बघायला लागली. सोमवार. मंगळवार. नथ. खोक्यात गाजर. 'बाळांनो, काय लपलंय?' आपण नाही म्हणालो तर संक्रांतीनंतर फरशी पडणार, हेही तिला दिसत होतं. तिनं पाय चोळले.

"माझ्यानं व्हायचं न्हाई," ती म्हणाली.

"आई—"

"न्हाई ग बाई. दारं धर म्हण, धरते. खुरप म्हण, खुरपते. पर हे रोजचं हसणं माझ्यानं व्हायचं न्हाई. तोंड दुखतं."

आता सगळं मोडलं असं तिला वाटलं. पण शेफालीबाईंनी मान हलवली आणि कप खाली ठेवला.

"काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आजी मिळतात. आमच्याकडं गॅदरिंगला येतात एक बाई, नाटकात कामं करणाऱ्या. त्यांना विचारते."

हे सगळं इतक्या सहज झालं. नको म्हणायला ती सगळा जीव गोळा करून बसली होती, आणि नको म्हणून झालं तर कुणाचं काही अडलंच नव्हतं.

पांढरी गाडी गेली. वैष्णवी आत येऊन ओट्यापाशी उभी राहिली. बराच वेळ ती एकच कप विसळत होती.

"आई, एक विचारू?"

"इचार."

"तुम्ही पाणी मुद्दाम सोडलंत का?"

सरुबाई मेथी निवडत होती. "मुद्दाम कशाला सोडीन?"

"तुम्हाला हे नको होतं. कधीपासनं नको होतं. मला कळत होतं, पण मी कळू देत नव्हते. सरळ म्हणाला असतात तर मला चाललं असतं." तिनं नळ बंद केला. "काढलेल्या गाजराला पाणी कोण पाजतं हो? तुमचा सगळा जन्म शेतात गेलाय."

सरुबाईनं निवडलेली काडी परत जुडीत ठेवली. खरं ते तिनं सांगितलंच होतं. पण सुनेचं बोलणं ऐकल्यावर तिला आपल्याच हातांचा भरवसा वाटेना. हात आपले, खटका आपण दाबला; मनात काहीच नव्हतं असं कसं म्हणावं? मनात काय असतं ते माणसाला सगळं कुठं दिसतं.

रणजित दारात येऊन उभा राहिला होता. दोघींना तो दिसला नव्हता.

"तिनं मुद्दाम न्हाई केलं," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत?" वैष्णवीनं विचारलं.

"मागच्या गुरुवारी मी पहाटे उठलो, थ्री फेज लाईट आलेली दिसली आन् मोटर चालू करायला गेलो. खालची जमीन विकून किती वर्षं झाली? चप्पल घालून तिथल्या कंपनीच्या फाटकापर्यंत गेलतो. तिथं वॉचमननं विचारलं, साहेब, कुठं?" तो चौकटीला टेकला. "हात जातो. तुझा न्हाई जायचा, तू शिकलीस ते पुस्तकातनं. आमचा जातो."

वैष्णवीनं कप पालथा घातला. ती येऊन सासूच्या शेजारी बसली आणि मेथीची अर्धी जुडी आपल्यापुढं ओढली.

"तुझ्या शाळेचं झालं म्हण," रणजित म्हणाला.

"झालं."

"म्हंजे माझ्या बस गेल्या."

"शाळेच्या येतील रोज," वैष्णवी म्हणाली. "त्यांना उभं राहायला जागा लागेल. कडेचे वाफे काढावे लागतील."

रणजित हसला. मग बायकोच्या तोंडाकडं पाहून हसायचा थांबला.

संक्रांत झाली. कडेचे वाफे सपाट केले, वर खडी टाकली आणि शाळेच्या बस तिथं उभ्या राहायला लागल्या. उरलेल्या जागेत लोखंडी पायांवर खोके बसले. पोरांनी लावलेल्या गाजरांपैकी काही खडीखाली गेली. वैष्णवीनं काही कुंड्यांतनं जगवायचा प्रयत्न केला, पण रोजच्या धबडग्यात राहून गेलं.

नाटकातल्या बाई आल्या. मुक्ताई त्यांचं नाव, राहायला कसब्यात. सरुबाईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्याच असतील. पण नऊवारी नेसून, नथ घालून, फाटकात उभ्या राहिल्या की बोर्डावरचं चित्र खाली उतरल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी सकाळी त्या ओसरीवर बसून गुडघ्यांना तेल लावत होत्या.

"तुम्हालाबी गुडघं?" सरुबाईनं विचारलं.

"अहो, गुडघे आहेतच. फक्त मुलांसमोर नसतात," मुक्ताई म्हणाल्या. "तुमची सून सांगत होती, गाजर कसं खोचायचं ते. एवढं काय अवघड आहे? रंगभूमीवर मी तीनदा मेले आहे. त्यापुढं हे सोपं."

"रोज हसाया लागतं पर."

"त्याचेच तर देतात. रडायचे कमी मिळतात."

सरुबाईनं त्यांना चहा दिला आणि त्या चहासकट फाटकाकडं गेल्या.

पहिला रविवार आला तेव्हा सरुबाईला काही काम नव्हतं. कमरेत सवयीनं कळ आली आणि गेली. ती गच्चीवर चढली. खाली बस लागली. पोरं उतरली. साई उतरली. सरुबाई कठड्यापाशी आली.

तिनं स्वतःशीही कबूल केलं नसतं, पण आठवडाभर ती ह्याच घटकेची वाट बघत होती. पोर नव्या आजीला बघून थबकेल. 'ती आजी कुठंय' म्हणून विचारील. हात मागं बांधून उभं राहील, जशी त्या दिवशी ती दुसरी पोरगी राहिली होती. मग वैष्णवी वर बघेल, हाक मारील, आणि आपण म्हणू, 'न्हाई बाई, मला जमायचं न्हाई,' आणि मग जाऊ.

मुक्ताईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं बायांनो, काय रे बाप्यांनो, काय लपलंय इथं?"

साई खोक्यापाशी गेली. तिनं पाला धरला, दातओठ खाऊन ओढला, आणि गाजर एकदम सुटून आल्यामुळं मागं पडता पडता वाचली. मुक्ताईंनी तिला धरलं. साईनं गाजर धुतलंही नाही, कारण ते धुतलेलंच होतं. तिनं कच्चकन चावा घेतला, दोन्ही गाल भरून चावायला लागली आणि दुसरा हात पुढच्या पाल्याकडं नेला. नम्रतानं फोटो काढला.

सरुबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मान वर करून पोरीनं एकदा जरी पाहिलं असतं तरी तिला वरची आजी दिसली असती. पोरीला वेळ नव्हता. तिच्या तोंडात गाजर होतं आणि ते तिला गोड लागत होतं.

"खा बाई," सरुबाई पुटपुटली.

मग तिनं कोपऱ्यातली चटई उन्हात पसरली आणि आडवी झाली. रविवारी सकाळी, दिवस वर आलेला असताना, ती आयुष्यात कधी आडवी झाली नव्हती. काचांवरनं परतलेलं ऊन तोंडावर येत होतं म्हणून तिनं पदर ओढून घेतला. खालनं पोरांचा आवाज येत होता, मधून मधून मुक्ताईंचं हसणं. चांगलं हसत होत्या. झोप काही लागत नव्हती, पण उठावंसंही वाटत नव्हतं.